पहिल्या तीन वर्षांचा भार कोणी घ्यावा?

मे महिन्याच्या अखेरीस मराठवाड्यातील गावांमध्ये खरिपाच्या बैठका सुरू होतात. औसा तालुक्यातील अशाच एका बैठकीत सेंद्रिय शेतीचा विषय निघाला. जमिनीच्या आरोग्याविषयी आणि विषमुक्त अन्नाविषयी पाहुण्यांचे चांगले बोलून झाले, लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतले, आणि शेवटी मागच्या बाजूला बसलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, ‘‘हे समदं खरं हाय सर, पण पयल्या साली माल कमी निघाला तर दुकानदाराची उधारी कशानं फेडू?’’ पाहुण्यांनी या प्रश्नाला जमिनीच्या दीर्घकालीन हिताचे उत्तर दिले. ते उत्तर खरे होते; परंतु दिवाळीला मिटवायच्या उधारीचे त्यात काहीच नव्हते.

शेतकऱ्याला सेंद्रिय शेतीकडे वळवायचे असेल, तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल असे माझे ठाम मत आहे. मी लातुरात शिकवतो, आमची जमीन गावी आहे आणि ती माझा चुलतभाऊ कसतो. त्यामुळे उधारीचे हे चक्र आमच्या घराला नवे नाही. मृगाच्या तोंडावर बियाणे आणि डीएपी हे रासायनिक खत, श्रावणात फवारणीचे औषध, हे सारे कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येते आणि सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेले की हिशेब मिटतो. पाने पिवळी पडली तर काय टाकावे, अळी दिसली तर काय मारावे, हा सल्लाही त्याच दुकानात मिळतो. म्हणजे माल, उधारी आणि सल्ला या तिन्ही गोष्टी रासायनिक शेतीच्या बाजूने एका छपराखाली उभ्या आहेत. सेंद्रिय शेतीच्या बाजूने गावात काय उभे आहे? बहुतेक ठिकाणी एक भाषण आणि एक माहितीपत्रक. शेणखत कोणी उधारीवर देत नाही, निंबोळी अर्क घरच्या माणसांच्या श्रमांतून तयार करावा लागतो, आणि पीक संकटात सापडले तर रात्री फोन करून विचारावे असा माणूस जवळ नसतो. शेतकरी बदलायला तयार नाही, अशी तक्रार शहरात ऐकू येते तेव्हा मला म्हणूनच वाईट वाटते. त्याच्यासमोर ठेवलेल्या दोन वाटांपैकी एकीवर कोणीही सोबतीला नाही, हे तो आपल्यापेक्षा अधिक स्पष्टपणे पाहतो.

तरीही ही वाट मराठवाड्याने धरलीच पाहिजे असे मला वाटते, आणि त्याचे पहिले कारण पाणी हे आहे. आपल्या विभागात पावसाळ्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण तो सरासरीने पडत नाही. जून-जुलैत पेरणीनंतर तीन-तीन आठवड्यांचा खंड पडतो आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच विभागात अतिवृष्टीने नद्या पात्राबाहेर आल्या, उभी पिके पाण्यात गेली आणि अनेक ठिकाणी जमिनीचा वरचा थर खरडून निघाला. या दोन्ही टोकांना तोंड देण्यासाठी कोरडवाहू शेतकऱ्याकडे सर्वांत जवळचे साधन त्याची माती आहे. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात कुजलेला सेंद्रिय पदार्थ पुरेसा असेल तर तिचे कण एकत्र बांधले जाऊन रवाळ बनतात, पाऊस आत मुरतो आणि खंडाच्या काळात ओल टिकते. तो नसेल तर पहिल्या जोरदार सरीने वरचा पृष्ठभाग दडपतो आणि पाणी माती घेऊन धुऱ्याबाहेर, म्हणजे बांधाबाहेर, जाते. २०१५ पासून मिळू लागलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातील कार्बनचा, रकाना असतो. ०.४० टक्क्यांच्या खाली तो गेला की जमीन ‘कमी’ या वर्गात धरतात, आणि आपल्याकडील अनेक शेतांच्या पत्रिकेत हाच शब्द लिहिलेला असतो. त्यातच आपल्या जमिनी बहुतांशी चुनखडीयुक्त. खतातून दिलेल्या स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मोठा भाग चुन्याशी बांधला जातो, लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही, आणि पावसाच्या उघडिपीत सोयाबीन पिवळे पडते. अशा जमिनीत कर्ब वाढवल्याखेरीज नुसते खताचे पोते वाढवण्यात पैसा वाया जातो.

हा कर्ब गेला कुठे, याचे उत्तर गोठ्यात आहे. देवणी आणि लाल कंधारी हे आपल्या मातीतले दोन गोवंश, एक उदगीर-देवणी भागातला, दुसरा कंधारचा. ज्या घरांमध्ये या जनावरांची दावण होती, त्या घरांत आता ट्रॅक्टर भाड्याने येतो. मी ट्रॅक्टरला दोष देत नाही. बैलजोडी सांभाळण्याचा वर्षभराचा खर्च आणि चाऱ्याची टंचाई ज्याने सोसली आहे, त्याचा निर्णय मला समजतो. परंतु बैल गेले तसे शेण गेले. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, जागा सोयाबीन आणि उसाने घेतली तसा कडबाही गेला. सोयाबीनची मळणी झाल्यावर उरलेले भुसकट, कापसाच्या पऱ्हाट्या आणि उसाचे पाचट पेटवून देण्याची सवय लागली. जमिनीतून दरवर्षी काढत राहिलो आणि परत देण्याची वाट बंद केली, तर पत्रिकेवरचा तो रकाना घसरणारच.

येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण सेंद्रिय शेतीच्या बाजूने बोलणारे पुष्कळ जण तो टाळतात. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे साधारण २०.७ किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी सुमारे चार टन शेणखत लागते, आणि तेही पिकाला सगळे एकाच हंगामात मिळत नाही. मोठे जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण देते. तीन जनावरे असलेल्या घरात वर्षाला दहा-अकरा टन ताजे शेण होते. त्यातले काही चरायला गेलेल्या रानात पडते, आणि जे उरते ते कुजून निम्म्याहून कमी भरते. एकरी दोन टनांप्रमाणे टाकले तर जेमतेम दोन एकरांची सोय होते. ज्याच्याकडे सहा एकर आहेत आणि दावणीला एकच म्हैस आहे, त्याला उद्यापासून सगळे रान सेंद्रिय करा असे सांगणे अन्यायाचे आहे. शेणखत हा एकच मार्ग नाही, हेही खरे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा ही कडधान्ये आणि शेंगवर्गीय पिके हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतात, तुरीचा पाला झडून जमिनीवर पडतो, ताग किंवा धैंचा फुलावर येण्याआधी गाडता येतो, धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला पसरता येतो. परंतु या सर्वांची घडी बसायला वेळ लागतो. म्हणूनच कोणी मला विचारले तर मी एकाच एकराने सुरुवात करायला सांगतो, आणि तो एकर घराजवळचा, रोज नजरेखालचा निवडायला सांगतो.

घाईचे परिणाम अलीकडेच जगाने पाहिले आहेत. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घालून सारा देश एकदम सेंद्रिय करायचे ठरवले. भाताचे उत्पादन कोसळले आणि नोव्हेंबरपर्यंत तो निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीमने मात्र २००३ मध्ये विधानसभेत ठराव केला, २०१० मध्ये स्वतंत्र अभियान सुरू केले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झाले. तेरा वर्षे लागली, आणि तेथे रासायनिक खतांचा वापर मुळातच कमी होता.

एका एकराची सुरुवात मी उकिरड्यापासून धरतो. आपल्याकडील बहुतेक उकिरडे उघड्यावर, उन्हात आणि पावसात पडलेले असतात. उन्हाने शेण वाळते, त्यातला नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत जातो, आणि जो उरतो तो पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. एप्रिलमध्ये गाडीत भरताना हाती येतो तो पुष्कळदा अर्धवट कुजलेला, तणाच्या बियांनी आणि हुमणीच्या अळ्यांनी भरलेला ढीग. यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच काळ्या मातीच्या कापूस प्रदेशात शोधला गेला होता. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत काम करत होते. तेथील आसपासच्या शेतकऱ्यांच्या रिती पाहून त्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. कठीण पऱ्हाट्या त्यांनी रस्त्यावर पसरल्या, गाड्यांच्या चाकांखाली आणि जनावरांच्या पायांखाली त्यांचा चुरा होऊ दिला, मग तो गोठ्यात जनावरांखाली अंथरला, म्हणजे गोमूत्र त्यात शोषले गेले. त्यानंतर काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन, ओल राखून आणि ठरावीक काळाने उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होत असे. ज्या पऱ्हाट्या आपण आज बांधावर पेटवतो, त्यांचे खत करण्याची ही रीत आहे. मोठे यंत्र लागत नाही. सावली, ओल आणि महिन्यातून एकदा फावडे धरणारे हात लागतात. पऱ्हाट्यांचा चुरा आता ट्रॅक्टरवरच्या यंत्राने करता येतो, आणि कुजण्याच्या वेळी ट्रायकोडर्मासारखी उपयुक्त बुरशी मिसळली तर काम लवकर होते. आमच्या गोठ्याच्या शेजारी भावाने लिंबाच्या सावलीत असा ढीग लावायला सुरुवात केली, तेव्हा पहिला फायदा खताचा दिसला नाही. हुमणी कमी झाल्याचे तोच म्हणाला.

जीवामृताविषयी लोक हमखास विचारतात. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे मिश्रण दोन दिवस मुरवून एकराला देतात. त्याने मातीतील सूक्ष्म जिवांना चालना मिळते, असे ते वापरणारे शेतकरी सांगतात, आणि खर्च अल्प असल्यामुळे करून पाहण्यात नुकसान नाही. मात्र दहा किलो शेणातून एकराच्या पिकाची सगळी भूक भागेल, असे आश्वासन कोणी देत असेल तर ते देऊ नये. जीवामृताबरोबर जमिनीवर काडीकचऱ्याचे आच्छादन आणि शेतात कडधान्याचे आंतरपीक हवे. त्यांच्याशिवाय नुसती फवारणी करून दोन वर्षांत निराश झालेले शेतकरी मी पाहिले आहेत, आणि अशी एक निराशा गावात दहा जणांना मागे फिरवते.

किडींच्या बाबतीत तयारी हंगामाच्या आधीच करावी लागते, हे सांगायला आपण कमी पडतो. निंबोळ्या पिकून पडतात त्या आषाढाच्या सुमारास, नेमक्या पेरणीच्या धांदलीत. त्या वेळी त्या गोळा करून, सावलीत वाळवून ठेवल्या नाहीत, तर ऑगस्टमध्ये उंटअळी आल्यावर हाताशी काही नसते आणि पाय पुन्हा दुकानाकडे वळतात. वाळलेल्या पाच किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून शंभर लिटर करावा. पाच टक्के अर्क तयार होतो. अळी लहान असताना तो चांगला चालतो, मोठी झाल्यावर फारसा नाही, म्हणून शेतात रोज फेरी हवी. पक्ष्यांना बसायला थांबे आणि मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे कामगंध सापळे हे सर्वांना परवडणारे उपाय आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तयार होणारे ‘बायोमिक्स’ हे जैविक मिश्रण वसमतकडचे हळद उत्पादक कंदकुजीसाठी वापरतात. तेच विद्यापीठ रायझोबियमसारखी जिवाणू खतेही पुरवते. कापसाचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. २००२ पासून बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेले, बियाणे आले आणि आज दुकानात दुसरे जवळजवळ मिळत नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही. नांदेड-परभणी पट्ट्यात एके काळी गावरानी कापसाचे नाव होते, आणि परभणीच्या विद्यापीठाने देशी कापसाचे वाण पुढेही विकसित केले आहेत, जे रसशोषक किडींना आणि पाण्याच्या ताणाला चांगले तोंड देतात. त्यांचे बियाणे गावापर्यंत पोहोचेपर्यंत एका एकरात कापूस न घेता तूर, शाळू, हरभरा, करडई घ्यावी असे मला वाटते.

एका एकराची ही कल्पना माझी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून आकाराला आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर-धाराशिव भागातील स्त्रियांबरोबर ती प्रत्यक्षात आणली. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर बाईने स्वतःच्या निर्णयाने कसायचा, त्यात भाजीपाला, कडधान्ये, ज्वारी-बाजरी अशी खाण्याची पिके कमी पाण्यावर आणि घरच्या खतांवर घ्यायची, आधी घर जेवते करायचे आणि उरलेले विकायचे. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला या रचनेतील शहाणपण फार मोलाचे वाटते. पहिल्या वर्षी पिकाचा उतारा कमी आला तरी घरातली भाजी आणि डाळ निघते, उधारीचे गणित उरलेल्या रानावर चालू राहते, आणि फवारणीच्या औषधाचा धोका ज्या अन्नातून सरळ पोटात जातो तेच अन्न आधी शुद्ध होते. शिवाय उकिरडा, निंबोळ्या, बियाणे राखणे ही कामे बायकाच करत आल्या आहेत. निर्णय त्यांच्याकडे गेला की काम अर्धवट राहत नाही.

आता मी माझ्यासारख्या लोकांविषयी बोलतो. मराठवाड्यातील पुष्कळ जमीन बटईने, म्हणजे पिकात वाटा ठरवून दुसऱ्याकडून, कसली जाते. मालक लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरीत असतो, आणि कसणाऱ्याचा करार पाडव्याला ठरून पुढच्या पाडव्याला संपतो. ज्याला पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे राहील की नाही हेच ठाऊक नाही, त्याने त्यात तीन वर्षांनी फळ देणारे खत का घालावे? युरियाचा परिणाम पंधरा दिवसांत दिसतो, म्हणून तो युरियाच टाकणार. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्ही शहरातून कुटुंबासह शेतात जातो, काळ्या आईची पूजा करतो, आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवतो, आणि संध्याकाळी परत येतो. ज्यांना महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, त्यांनी जमिनीतला पहिला धोका पत्करायला हवा, असे मला मनापासून वाटते. बटईचा करार पाच वर्षांचा करावा. त्यातला एक एकर सेंद्रिय ठरवून, त्या एकरात घट आली तर ती मालकाच्या वाट्यातून धरावी. आम्ही भावाशी तसेच ठरवले आहे, आणि घरात यावरून वादही झाले. पण धोका कोणाचा हे एकदा स्पष्ट झाल्यावर भावाने पुढचे सर्व निर्णय स्वतःहून घेतले. त्याला प्रोत्साहन देण्यासाठी मला वेगळे काही बोलावे लागले नाही.

सरकारचा वाटाही यात आहे. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून चालू आहे. वीस हेक्टरांच्या गटांमधून ती राबवली जाते आणि हेक्टरी ३१,५०० रुपये तीन वर्षांसाठी धरलेले आहेत, त्यांपैकी १५,००० शेतकऱ्याच्या खात्यात निविष्ठांसाठी जातात. म्हणजे एकराला वर्षाकाठी साधारण दोन हजार रुपये. ही रक्कम लहान आहे, पण गट ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण एकट्याचे सेंद्रिय शेत शेजारच्या फवाऱ्यापासून वाचत नाही, आणि पीजीएस-इंडिया या सहभागी प्रमाणीकरणात गटातील शेतकरीच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात. निर्यातीसाठीच्या प्रमाणीकरणात हंगामी पिकांना पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि फळबागांना तीन वर्षे रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीत जाण्याचा, काळ असतो; त्या काळात उतारा घटलेला असतो आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. योजनेचा पैसा या काळातल्या घटीची भरपाई म्हणून, आणि पेरणीच्या आधी हातात आला, तर त्याचा उपयोग कितीतरी वाढेल.

जे सरकारने करायचे ते सरकार करील. भावाचा प्रश्न मात्र गिऱ्हाईक आजही सोडवू शकते. आपल्याकडे अजून वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत आहे. शाळू, तूरडाळ, हरभराडाळ, करडईचे तेल हे सारे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घरात येते. आमच्या ओळखीच्या काही नोकरदार कुटुंबांनी गावातील तीन-चार घरांशी असा ठराव केला आहे की, रूपांतराच्या काळातलेच धान्य, प्रमाणपत्राची वाट न पाहता, मोंढ्याच्या त्या दिवशीच्या भावापेक्षा ठरावीक जास्त दराने घ्यायचे आणि त्याची निम्मी रक्कम आगाऊ द्यायची. पावसाने पीक गेले तर आगाऊ रक्कम परत मागायची नाही, पुढच्या वर्षीच्या धान्यात वळती करायची. बैठकीत प्रश्न विचारणारे ते गृहस्थ या घरांपैकी एक आहेत. त्यांनी घराजवळचा एक एकर तुरीसाठी आणि मधल्या ओळींत मुगासाठी राखला आहे, आणि उरलेल्या रानाची उधारी दुकानात नेहमीसारखी चालू आहे. यंदा आगाऊ रक्कम मृग लागण्याच्या आत त्यांच्या हातात पडावी, म्हणून ती आम्ही मेच्या पगारातून काढणार आहोत.